हरवलेली छक्की

"पानं तू वाचायची नाहीस. ज्याचं पान त्याच्याच हातात द्यायचं, दुसऱ्याच्या नजरेस पडू द्यायचं नाही. आणि चौथं पान टपालात टाकून मोकळी होऊ नकोस. स्वतः जा."

मास्तरांची मुलगी हे शब्द बापाच्या इतक्या हुबेहूब आवाजात म्हणाली, की भावजींनी खुर्चीतल्या खुर्चीत पाठ ताठ केली. मास्तरांना जाऊन महिना झाला होता. त्यांच्या आवाजाला मात्र ते अजून कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

"मी हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "बाबांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. आणि आज त्यातलं एक पान गेलं."

वहिनींनी चष्मा पुसला. शाळेच्या परीक्षांवर देखरेख करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. कोणत्या बाकावरचं पोर तळहातावर लिहून आलंय, हे त्यांना दारातूनच कळायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी तोच उद्योग मोठ्या माणसांवर सुरू केला. धाकटे दीर, म्हणजे भावजी, विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचे मदतनीस होते. मदत नेमकी कोणती, ते अजून ठरायचं होतं.

"अगं, नीट सुरुवातीपासून सांग," वहिनी म्हणाल्या. "आणि भावजी, तुमचा डाव आवरा आता."

भावजी सकाळपासून एकट्यानं पेशन्स खेळत होते आणि तीनदा हरले होते. "नशीबच नाही आज," असं म्हणत त्यांनी पत्ते गोळा केले. "हा डाव धरायचा नाही."

मुलीनं सांगितलं ते असं. फर्निचरच्या दुकानावरच्या माडीत मास्तरांनी चाळीस वर्षं पोकर शिकवला. त्यांचे तीन शिष्य आता त्याच खेळावर पोट भरत होते. पोकरमध्ये पत्ते झाकलेले असतात आणि माणूस उघडा असतो. चांगले पत्ते आले की कुणाची पापणी फडफडते, कुणी खाकरतो. ही ज्याची त्याची खूण. ज्याची खूण समोरच्याला कळली, त्याचं दुकान बंद. मास्तरांनी जाण्यापूर्वी प्रत्येक शिष्यासाठी एकेक पान लिहिलं: तुझी खूण ही, आणि तिच्यावर उपाय हा.

"आज तिघांच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस," ती म्हणाली. "पत्ते मी वाटते. खेळ संपला की संध्याकाळी ज्याला त्याला पान देणार, असं मी सकाळीच सांगितलं होतं. अकराला वीस मिनिटांची सुट्टी झाली. मी चहा आणायला खाली गेले. पुन्हा खेळ झाला तो एकपर्यंत, पुढचा तीनला. एकला माडीवरच्या बाबांच्या कचेरीत जाऊन बघते, तर पाकीट फोडलेलं. चार पानं होती, तीन उरली."

"कोणतं गेलं?"

"मी हातच लावला नाही हो. कोरी बाजू वर होती, नुसती मोजली. उलटून बघायचं म्हणजे वाचायचंच की."

वहिनींनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. "तीनला खेळ पुन्हा सुरू होणार ना? मग चपला घाला, भावजी."

माडीवर लांबट टेबल होतं, त्यावर हिरवं कापड. भिंतीवर मास्तरांच्या हातची पाटी होती: 'नशिबाचं रडगाणं तीन वाक्यांत आटपावं.'

"हे काय?" भावजींनी विचारलं.

"बाबांचा नियम. पत्ते वाईट आले तर इलाज नाही, म्हणायचे, तोंड वाईट करू नका."

कचेरी म्हणजे एक मेज, एक खुर्ची आणि एक कपाट. मेजावर फोडलेलं पाकीट होतं, त्याच्यापुढे तीन पानं पालथी, एकावर एक. मेजाखाली विणकामाची एक सुई पडली होती.

"हिनंच फोडलं पाकीट!" भावजी म्हणाले. चोर सापडला असता तरी त्यांचा आवाज याहून चढला नसता.

वहिनींनी सुई उचलून पदराला पुसली. मग त्या वाकून पानांच्या कडा बघत राहिल्या. बघून झाल्यावर त्यांनी टिपकागद घेतला, पानाखाली सरकवून सगळा मजकूर झाकला आणि मग ते अलगद उलटवलं. फक्त खालचा कोपरा दिसत होता. त्यात मुकुटाचं चित्र. दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात 7. तिसऱ्याच्या 9.

"हे आकडे?"

"बाबा नावं घालायचे नाहीत. प्रत्येक शिष्याला एकेक पत्ता नेमून दिला होता, पहिल्या दिवसापासून. टोपणनावांनी सांगते, लोकरताई छक्की, रडोबा सत्ती, पुतळा नव्वी. आकडे पत्त्यावर असतात तसेच काढायचे, इंग्रजी."

"म्हणजे छक्की गेली," वहिनी म्हणाल्या. "पाकिटात पानं कशी लावली होती?"

"वरून मुकुट, मग सहा, सात, नऊ. बाबांनी माझ्यासमोरच भरलं. उरलेली आहेत त्याच क्रमानं."

"आणि मुकुट कुणाचा?" भावजींनी विचारलं.

मुलीनं खिडकीबाहेर पाहिलं. "त्याचं नंतर बघू."

"भावजी, तिन्ही पानांचे खालचे कोपरे बघा जरा," वहिनी म्हणाल्या. "काय दिसतं?"

"मुकुटाच्या पानाचा कोपरा वर वळलाय. बाकीचे दोन सपाट आहेत."

"छान. लक्षात ठेवा."

भावजींनी लक्षात ठेवलं. कशासाठी ते कळलं नाही, पण ती सवय जुनी होती.

पहिला आत आला रडोबा. गोल चेहऱ्याचा, गळ्यात मफलर, डोळ्यांत कायमचं पाणी. बसायच्या आधीच तो म्हणाला, "बाई, तीन वाक्यं बोलू का?"

"बोला."

"सकाळी माझ्याकडे दोन राजे होते, आणि समोर ताई, आणि मी आपला पणाला लावायच्या सगळ्या चकत्या पुढे सारल्या, आणि टेबलावरचे चार पत्ते उघडे होईपर्यंत मीच पुढे होतो, आणि शेवटचा पत्ता आला तो नेमका तिला हवा तो, आणि असं माझ्या बाबतीत गेल्या आठवड्यात दोनदा झालं, आणि त्याच्या आदल्या..."

"हे एकच वाक्य?"

"'आणि' चालतं. मास्तरांनी 'आणि'ला कधी हरकत घेतली नाही." ताईंचं पान गेल्याचं वहिनींनी सांगितल्यावर त्यानं मफलरनं डोळे टिपले. "मला कशाला हवंय ताईंचं पान? सुया चालू असताना थांबल्या, की त्यांचे पत्ते चांगले. मी आपले टाकून मोकळा होतो. बाहेर बोलू नका हं. पाच वर्षं माझं अर्धं पोट त्यावर चाललंय."

भावजींनी वहीत लिहिलं: 'रडोबाला ताईंची खूण ठाऊक.' लिहून झाल्यावर वहिनींनी पान फाडून घेतलं आणि आपल्या पिशवीत टाकलं.

"सुट्टीत कुठे होतात?"

"जिन्यात. बायकोला फोन केला. राजांचं सांगितलं. तिनं फोन ठेवला. पुन्हा केला." त्यानं सुस्कारा सोडला. "आणि सुट्टीनंतर तर कहरच. पुतळा पिसाळला हो! अकरा वर्षं ज्यानं बोट हलवलं नाही, तो दोन तास चकत्या वरखाली, वरखाली, टकटक टकटक. माझं डोकं उठलं. दोन डाव त्या टकटकीनं गेले, ते नशिबात धरायचे की नाही?"

"ते तिसरं वाक्य झालं," वहिनी म्हणाल्या.

लोकरताई आल्या त्या टोपली घेऊनच. साठीच्या, ठेंगण्या, तोंडानं गोड. टोपलीत निळ्या लोकरीचा अर्धा स्वेटर होता.

"कुणासाठी?" वहिनींनी विचारलं.

"भाच्यासाठी. सुरू केला तेव्हा पाचवीत होता. आता मिशी फुटली." त्या हसल्या. "माझं असं आहे, डाव हरले की राग गिळायचा आणि एक ओळ उसवायची. कुणाला दुखवणं नाही, काही नाही. मागचं वर्ष वाईट गेलं. दोन्ही बाह्या गेल्या त्यात."

"ही सुई तुमची?"

"अगोबाई! कुठे मिळाली? सुट्टीत टोपली चहाच्या टेबलापाशी ठेवून मी तोंड धुवायला गेले. परत येते तर एक सुई नाही. मग दोन तास हात बांधल्यासारखी बसले."

"पान तुमचं गेलंय, ताई. आणि पाकीट तुमच्या सुईनं फोडलंय."

लोकरताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच, असंच वाटणार सगळ्यांना." मग हळू आवाजात त्या म्हणाल्या, "मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू? मास्तर माझ्याबद्दल काय म्हणतात ते ऐकायचं होतं. पण संध्याकाळपर्यंत थांबायची माझी तयारी होती. मी आठ वर्षं एका स्वेटरपाशी थांबलेय."

जाता जाता दारात वळून त्या म्हणाल्या, "त्या पुतळ्याला जरा बघा हो. त्याचे हात पाहून मला वाटलं, ताप भरलाय. माझ्या दोन्ही सुया दिल्या असत्या तर एक बाही विणून निघाली असती."

शेवटी पुतळा आला. उंच, काळा चष्मा, कपाळापर्यंत ओढलेली टोपी. खुर्चीत बसला, आणि बसल्या क्षणापासून कोटाच्या बटणाशी चाळा करू लागला. बटण डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं.

"सुट्टीत कुठे होतात?"

"इथेच."

"माडीवर?"

"हो."

"हरलात की तुम्ही काय करता?"

"काही नाही."

"अजिबात?"

"हललो तर थांबता येणार नाही."

एवढं लांब वाक्य तो वर्षभरात बोलला नसावा. बटण तुटून जमिनीवर पडलं. त्यानं दुसरं धरलं.

"ही हातांची सवय जुनी?"

"नाही."

"आजची?"

"हो."

भावजींनी वहिनींना डोळ्यांनी खुणावलं: घाबरलाय! वहिनींनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"मास्तर माणूस बरोबर ओळखायचे ना?"

दुसरं बटण फिरायचं थांबलं. मग पुतळ्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि ते घाईघाईनं पुन्हा फिरू लागलं.

"मला तसं वाटायचं," तो म्हणाला.

तो गेल्यावर भावजींनी घसा साफ केला. "वहिनी, उघड आहे. सुई ताईंची, पान ताईंचं. दुसऱ्याला त्या पानाचा उपयोग काय? रडोबाला तर त्यांची खूण आधीच ठाऊक आहे. पुतळा नुसता घाबरट निघाला."

"भावजी, तुम्ही विमा कचेरीत असताना कुणाचे पैसे चुकीचे अडवले होते का हो?"

"दोनदाच," भावजी म्हणाले.

"मग आज तिसऱ्यांदा नको. सगळ्यांना टेबलापाशी बोलवा."

अडीच वाजले होते. तिघे आपापल्या जागी बसले, मास्तरांची मुलगी पत्ते वाटायच्या जागी. वहिनींनी एक कोरा कागद घेतला, बाजूला वळून त्याच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि तो खालची कड भावजींकडे करून टेबलावर पालथा ठेवला.

"एक खेळ खेळू. कोपऱ्यात काय आहे ते सांगायचं. बोलायचं नाही, माझ्या कानात सांगायचं. भावजी, तुम्ही पहिले."

भावजींनी कागद उचलला, सुलटा केला, वाचला आणि वहिनींच्या कानात सांगितलं. कागद पुन्हा पालथा झाला आणि खालची कड जवळ येईल असा एकेकाकडे सरकला.

रडोबाची पाळी आली. त्यानं डावा हात कागदाभोवती आडोशासारखा धरला, अंगठ्यानं खालची कड किंचित उचलली, वाकून पाहिलं आणि सोडून दिली. लोकरताईंनी अगदी तेच केलं. पुतळ्यानंही हात पुढे केला, अंगठा कडेला लावला, आणि तिथेच थांबला. त्यानं कागद न बघताच हात मागे घेतला.

"रडोबा म्हणतात नऊ," वहिनी म्हणाल्या. "ताई म्हणतात नव्वी. भावजी म्हणतात सहा."

"सहाच आहे!" भावजी म्हणाले. "मी चांगला वाचला!"

"सहाच आहे. तुम्ही तो माणसासारखा उलटवून वाचलात. हे खेळाडू आहेत, भावजी. हे पत्ता उचलत नाहीत. शेजाऱ्याला दिसू नये म्हणून जवळची कड नखभर वर करतात. पत्त्याच्या दोन्ही टोकांना आकडा आपापल्या कडेकडे डोकं करून छापलेला असतो. कोणतीही कड उचला, सुलटाच दिसणार. कागदाचं तसं नाही. कागदाच्या खालच्या कोपऱ्यातला आकडा असा उचलून बघितला, तर डोक्यावर उभा दिसतो."

मुलीनं कागद ओढून घेतला, कड उचलली. "सहाचा नऊ!"

"आज सकाळी कुणीतरी पाकीट फोडलं. पण माणूस सभ्य. दुसऱ्यांची पानं डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून त्यानं ती पालथीच ठेवली आणि हातच्या सवयीनं नुसते कोपरे उचलले. पहिल्या पानावर उलटा मुकुट दिसला, ते बाजूला ठेवलं. त्याचा कोपरा अजून वळलेला आहे. दुसऱ्यावर त्याला दिसला नऊ. तेवढं घेतलं आणि बाकीची होती तशी ठेवली. खालच्या दोन पानांचे कोपरे सपाट आहेत, कारण पुढे बघायची त्याला गरजच उरली नव्हती. हवं ते मिळालं, असं त्याला वाटलं."

"म्हणजे ताई नव्हत्या," भावजी सावकाश म्हणाले. त्यांना कळत होतं, आणि कळतंय याचाच त्यांना आनंद होत होता. "ताई सहा शोधत असत्या तर त्या नऊचं पान घेऊन गेल्या असत्या!"

"शाबास."

लोकरताईंनी डोळे मिटून श्वास सोडला.

"मग नव्वी कुणाला हवी होती? रडोबाला, पुतळ्याची खूण कळावी म्हणून? की..." भावजी विचारू लागले.

"मी नाही!" रडोबा उठला. "माझ्या नशिबात चोरी केली तरी चुकीचं पान येणार, ते मला ठाऊक आहे, म्हणून मी करतच नाही!"

"बसा. तुम्ही नाही." वहिनी टेबलाला वळसा घालून पुतळ्यापाशी गेल्या आणि त्याच्या कानाशी वाकल्या. भावजी मागेच होते, म्हणून त्यांनाही ऐकू आलं.

"त्या पानात हातांबद्दल आहे ना? पत्ते चांगले आले की हात थांबतात, तेव्हा ते थांबू देऊ नकोस, असं काहीसं?"

पुतळ्याच्या बोटांतून चकत्या घरंगळल्या. त्यानं काळा चष्मा काढला. भावजींनी त्याचे डोळे पहिल्यांदाच पाहिले. साधे, तपकिरी, फार थकलेले.

"तुम्ही वाचलंत?" तो कुजबुजला.

"नाही हो. तुमच्याकडे बघितलं. अकरा वर्षांची सवय माणूस एका सकाळीत मोडतो, ती कुणीतरी सांगितल्याशिवाय नाही. आणि तुम्ही ऐकाल असा माणूस एकच होता."

वहिनी सरळ उभ्या राहिल्या. पुतळ्यानं आतल्या खिशातून चौघडी केलेलं पान काढलं आणि मुलीपुढे ठेवलं.

"संध्याकाळपर्यंत धीर निघेना," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं नको होतं. माझं हवं होतं. वाचलं, आणि दोन तास मला वाटत राहिलं, की मास्तरांनी मला कधी नीट पाहिलंच नाही. तरी त्यांनी सांगितलं तसं करत राहिलो." त्यानं तुटक्या बटणाच्या दोऱ्याकडे पाहिलं. "ताई, माफ करा. तुमचं पान मी वाचलं. माझं तुम्ही वाचा, म्हणजे फिट्टंफाट."

"मला नको बाबा," लोकरताई म्हणाल्या. "मास्तरांनी नको म्हटलं होतं ना? आणि मी माझं आत्ताच वाचते. एकदा मी वाचलं, की ते तुझ्या काही कामाचं नाही."

रडोबानं एकदम मान वर केली. भावजींच्या लक्षात आलं, की त्याचंही अर्धं पोट आता उपाशी राहणार होतं. त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं, तीन वाक्यं मनातल्या मनात जुळवली असावीत, आणि तोंड मिटलं.

मुलगी वहिनींकडे बघत होती. "संध्याकाळी द्यायचं ठरवलं होतं मी."

"ते तू ठरवलं होतंस. मास्तरांनी वेळ कुठे सांगितली होती?"

मग तिनं पानं दिली. प्रत्येकापाशी गेली, पान पालथं धरून हातात ठेवलं आणि तोंड फिरवून उभी राहिली. लोकरताईंनी वाचलं आणि "अरे देवा, आठ वर्षं!" म्हणून कपाळावर हात मारला. रडोबानं वाचलं आणि बराच वेळ मफलर डोळ्यांना लावून बसला. या खेपेला त्याला कुणी वाक्यं मोजायला लावली नाहीत.

पुतळा खिडकीपाशी गेला. पाठमोराच वाचत होता. आधी त्याचा एक खांदा हलला, मग दुसरा. तो रडतोय की हसतोय ते भावजींना कळेना. तो वळला तेव्हा दोन्ही चाललं होतं.

"पाहिलं होतं मला," एवढंच तो म्हणाला.

"आता शिक्षा," वहिनी म्हणाल्या. "ताई, लोकरीची लड आहे का? या गृहस्थांच्या दोन्ही हातांत अडकवा आणि गुंडाळायला घ्या. एवढा स्थिर माणूस तुम्हाला मिळायचा नाही."

पुतळा निमूट बसला, दोन्ही हात पुढे करून. निळी लड त्याच्या मनगटांवर चढली.

टेबलावर एक पान उरलं होतं. मुकुटाचं.

"हा मुकुट कुणाचा?" भावजींनी पुन्हा विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

"आई," मुलगी म्हणाली. "पुलापलीकडे राहते. पत्ते हवेत की मी, असं विचारून गेली होती. बाबा उत्तर द्यायला एक मिनिट थांबले. चौदा वर्षं झाली." ती पानाचा वळलेला कोपरा बोटानं सपाट करत होती. "पाकीट फोडलेलं दिसलं ना, तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हेच गेलं असू दे. म्हणजे मला जावं लागणार नाही."

लोकरीचा गुंडा तेवढा फिरत होता.

"खेळ तीनला आहे," ती म्हणाली.

"आम्ही कुठे पळतोय?" रडोबा म्हणाला. "पाचला खेळू. मला तसंही आज नशीब..." तो थांबला. "पाचला खेळू."

भावजी तिच्याबरोबर जायला उठले. वहिनींनी त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं.

मुलीनं पान पिशवीत ठेवलं, पायांत चपला सरकवल्या आणि जिना उतरली. भावजींनी खिडकीतून पाहिलं. पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती दोनदा थांबली. मग पिशवीच्या तोंडावर तळहात आडवा ठेवून, शेजारून जाणाऱ्याला दिसू नये असा, ती चालू लागली.